परदेशी जाताना परतीची वाट गहाण पडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले, की मुलाने किंवा मुलीने पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जावे की नाही, हा विषय सोलापुरातील अनेक घरांत सुरू होतो. पूर्वी तो मोजक्या डॉक्टरांच्या आणि कारखानदारांच्या घरापुरता होता. आता तो अक्कलकोट रस्त्यावरील यंत्रमागधारकाच्या, माध्यमिक शाळेतील शिक्षकाच्या आणि सांगोल्याकडील डाळिंब बागायतदाराच्या घरातही आला आहे. परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांच्या बातम्या आणि तिकडे स्थिरावलेल्यांच्या यशोगाथा वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतच असतात. त्यांच्या जोडीला या निर्णयाची कर्जाची बाजूही वाचकांपुढे यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि शैक्षणिक कर्जाची प्रकरणे हाताळण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला आहे.

शहर सोडून जाणे हेच मुळात चूक, असे मी मानत नाही. सोलापूर हे बाहेरून आलेल्यांनी वाढवलेले शहर आहे. १८७७ साली ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तिच्या आधी आणि नंतरही तेलंगणातून पद्मशाली विणकर येथे आले, कर्नाटकातून माणसे आली, आणि त्यांच्या मागांवर या गावाचे नाव देशभर गेले. १९९० च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, तेव्हा येथील कित्येक कुटुंबांनी पोटासाठी पुण्याची आणि भिवंडीची वाट धरली. आजही संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या मुलाला शिक्षणाला साजेशी नोकरी शहरात क्वचितच मिळते आणि तो हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठतो. म्हणजे जावे की राहावे, हा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत पदवी हाती पडण्याआधीच निकालात निघालेला असतो; उरतो तो कोठे जावे, एवढाच. पुणे आणि म्युनिक यांत आईवडिलांच्या दृष्टीने अंतराचा फरक असेल. घराच्या हिशेबात तो कर्जाचा आहे, आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असा माझा अनुभव आहे.

परदेशी शिक्षणाचे कर्ज कसे चालते, हे सह्या करणाऱ्या आईवडिलांनी नीट समजून घेतले पाहिजे. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, परंतु अमेरिकेतील दोन वर्षांच्या एम.एस.ला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला, तेवढी रक्कम कोठेच पुरत नाही. त्यापुढे राहते घर, प्लॉट किंवा मुदतठेव तारण द्यावी लागते. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका ही अट शिथिल करतात, आणि बँकेतर वित्तसंस्था विनातारण कर्ज देतातही, पण त्यांचा व्याजदर चढा असतो आणि सहकर्जदार म्हणून नियमित उत्पन्न असलेली व्यक्ती लागते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर हप्ता सुरू होत नाही. अनेक पालक हा काळ सवलतीचा समजतात. वास्तविक पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासून व्याज चढत असते.

आकड्यांत सांगायचे तर ४० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने १० वर्षांत फेडायचे झाल्यास महिन्याचा हप्ता ५५ हजारांच्या वर जातो आणि एकूण परतफेड ६६ लाखांची होते. मुदत १५ वर्षांची घेतली तर हप्ता साडेपंचेचाळीस हजारांपर्यंत उतरतो, मात्र परतफेड ८२ लाखांच्या घरात जाते. शिक्षणाच्या काळात चढलेले व्याज यात धरलेलेच नाही. शिवाय शुल्क डॉलरमध्ये आणि कर्ज रुपयांत असते. २०१४ च्या मध्याला ६० रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ च्या अखेरीस ८५ रुपयांच्या पुढे गेला होता. दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरण्याची वेळ येते तेव्हा मंजूर रक्कम अपुरी पडते आणि वडील भविष्य निर्वाह निधीला हात घालतात, ही प्रकरणे मी जवळून पाहिली आहेत.

तिकडे नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही, हे खरे आहे. चांगल्या पगारावर कर्ज मुदतीआधी फेडून आईवडिलांच्या घराची कागदपत्रे सोडवून देणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. परंतु तिकडे राहता येईल की नाही, हे केवळ मुलाच्या हुशारीवर ठरत नाही. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी २४ महिने मिळतात. पुढे नोकरीत राहण्यासाठी एच-१बी हा कामाचा व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढीच आहे. इच्छुक त्याहून कितीतरी अधिक असल्याने निवड सोडतीने होते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. तिथेच शिकून तिथूनच व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागू नाही, हे स्पष्ट व्हायला महिना गेला. ज्यांचे घर तारण होते त्या आईवडिलांनी तो महिना कसा काढला असेल, याचा विचार यंदा कर्जाचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाने करावा.

इतर देशांतही नियम स्थिर नाहीत. ब्रिटनमध्ये पदवीनंतर काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे. कॅनडाने २०२४ च्या आरंभी विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि राहण्याच्या खर्चासाठी दाखवावयाची रक्कम १० हजार डॉलरवरून एकदम २० हजार ६३५ कॅनडियन डॉलर केली. कोणत्याही देशाला आपले नियम बदलण्याचा अधिकार आहे, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र नियमाचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे आणि कर्जाचे १० ते १५ वर्षांचे असेल, तर आजच्या नियमावर भरवसा ठेवून घर गहाण टाकणे कितपत शहाणपणाचे आहे, हा विचार सही करण्यापूर्वी झाला पाहिजे.

जर्मनीचा उल्लेख स्वतंत्रपणे करतो, कारण आपल्या भागातील मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांना तो मार्ग परवडण्याजोगा आहे आणि तरीही त्याविषयी येथे अपुरी माहिती आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १ हजार ५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११ हजार ९०४ युरो विशेष खात्यात आधी ठेवावे लागतात, पण ते पैसे विद्यार्थ्याचेच असतात आणि दरमहा ठरावीक रकमेने त्यालाच परत मिळतात. आपल्या पदव्यांची छाननी करणारे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे झाले आहे. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी दीड वर्ष राहता येते. यातली खरी मेहनत भाषेची आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी नोकरीच्या वेळी जर्मन अडते, आणि ती नीट शिकायची तर आपल्या मुलांना पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचा किंवा ऑनलाइन वर्गाचा आधार घ्यावा लागतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून भाषेचा अभ्यास सुरू केला तर ते साधते; निकालानंतर धावपळ करून साधत नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे, की परत येण्याची मोकळीक शिल्लक राहील एवढेच कर्ज काढून जावे. यासाठी एक साधी कसोटी लावता येते. शिक्षण संपवून मुलगा किंवा मुलगी भारतात परतली, पुण्यात किंवा हैदराबादेत तिच्या पात्रतेची नोकरी लागली, तर त्या पगारातून घरभाडे आणि जेवणखाण भागवून हप्ता भरता येईल का? येत असेल तर निःशंकपणे जावे. येत नसेल, तर ते मूल शिकायला जात असतानाच परतीचा हक्क गमावून बसते. मनाजोगते काम नसले, प्रकृती साथ देत नसली, इकडे आईचे ऑपरेशन असले, तरी हप्त्यासाठी तिकडेच राहावे लागते, आणि व्हिसा संपल्यामुळे परतावे लागलेच तर निवृत्तीला आलेल्या वडिलांच्या नावे थकबाकी सुरू होते. रात्रपाळी करून, चार-चार जणांत एक खोली घेऊन हप्ता पाठवणाऱ्या मुलांविषयी इकडे फक्त ‘तो अमेरिकेत असतो’ एवढेच सांगितले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

कसोटी उतरत नसेल तर जाणे कायमचे सोडून द्यावे, असेही नाही. दोन-तीन वर्षे नोकरी करून काही रक्कम साठवली, आपल्याला नेमका कोणता विषय पुढे न्यायचा आहे हे कामातून कळले, तर कर्जही कमी लागते आणि अर्जालाही वजन येते. एम.एस.ला जाणार म्हणून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी विषय विचारत असे, आणि अनेकदा उत्तर विषयाचे नसून देशाचे मिळे. आपल्या शहराचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या त्यागाचा गौरव आपण करतोच. मला त्यांच्या बाबतीत हेही महत्त्वाचे वाटते, की आपण काय करायला निघालो आहोत हे त्यांना निघताना ठाऊक होते.

घर तारण न ठेवता जाण्याचे मार्गही आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी पीएच.डी.चा विचार अवश्य करावा, कारण अनेक परदेशी विद्यापीठांत निवड झालेल्या संशोधक विद्यार्थ्याला शुल्कमाफी आणि निर्वाहापुरते मानधन मिळते. आपल्या भागातून पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात काम केलेले संशोधक दक्षिण कोरियातील प्रयोगशाळांत गेले, ते कर्ज काढून नव्हे, तर वेतन घेऊन. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आले आहे. अभियंत्यांना देशातच ‘गेट’ परीक्षेद्वारे आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२ हजार ४०० रुपये विद्यावेतन मिळते. या वाटा कष्टाच्या आहेत आणि जागा थोड्या आहेत, पण त्यांची माहितीच वेळेवर पोहोचत नाही. ती पोहोचत नाही याचे एक कारण असे, की अनेक प्रवेश सल्लागारांना विद्यार्थ्यामागे परदेशी विद्यापीठाकडून मोबदला मिळतो. शिष्यवृत्तीने किंवा शुल्क नसलेल्या विद्यापीठात जाणाऱ्यातून तो मिळत नाही. म्हणून ‘मोफत मार्गदर्शन’ अशी पाटी दिसली तर या मार्गदर्शनाचे पैसे कोण देते, असे विद्यार्थ्याने स्पष्ट विचारावे.

आईवडिलांनाही एक सांगावेसे वाटते. मूल परदेशी निघाले की चौकात अभिनंदनाचा डिजिटल फलक लागतो, नातेवाईक स्टेशनवर जमतात, आणि त्या दिवसापासून परत येणे हे त्या मुलाला नामुष्कीचे वाटू लागते. तिकडचे शिक्षण पूर्ण करून, चार चांगल्या गोष्टी शिकून आलेल्या तरुणाला ‘का रे, परत का आलास?’ असे विचारणारे आपणच असतो. ‘जमले नाही तर ये, घर तुझेच आहे’ हे वाक्य निघण्याआधी त्याच्या कानावर पडले पाहिजे, आणि ते खरे ठरावे यासाठी ते घर बँकेत अडकलेले नसावे.

या संदर्भात तीन विनंत्या आहेत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी कोणत्याही सल्लागार संस्थेशी आर्थिक संबंध नसलेला परदेशी शिक्षण कक्ष चालवावा आणि तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून खुला ठेवावा. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवताना परतलेल्यांचीही ठेवावी, त्यांना महाविद्यालयात बोलवावे आणि कर्ज किती होते, कसे फेडले, हे त्यांच्याकडून विद्यार्थ्यांना ऐकू द्यावे. बँकांनी मंजुरीपत्राबरोबर, शिक्षणकाळातील व्याज धरून येणारा हप्ता आणि तो भारतातील पगारातून भरायचा झाल्यास लागणारे किमान मासिक उत्पन्न, हे दोन आकडे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावेत. सहकर्जदार आई असेल तर तिला ते वाचून दाखवावेत. आणि आपल्या दैनिकाने येत्या प्रवेशाच्या हंगामात, शिक्षण घेऊन सोलापुरात किंवा महाराष्ट्रात परतलेल्या तरुण-तरुणींचे अनुभव, त्यांची इच्छा असल्यास नावे न देता, प्रसिद्ध करावेत. अशा लेखमालेसाठी कर्जाच्या बाजूची जी माहिती लागेल ती लिहून देण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी,
सोलापूर