टँकरवरचा फलक वाचता येईल असा हवा

महोदय,

जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाचा टँकर पेटला आणि चार जणांचा जीव गेला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले होते. अशा वेळी अग्निशमन दलाला पहिला प्रश्न पडतो, आत आहे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार त्याचे उत्तर टँकरवरच लिहिलेले हवे : रसायनाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक (धोकादायक पदार्थ ओळखण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक; पेट्रोलचा १२०३), धोक्याचे चिन्ह, आपत्कालीन दूरध्वनी. बोरघाटातून जाणाऱ्या कित्येक टँकरांवर हा फलक चिखलाने माखलेला, नाहीतर रंग उडालेला असतो. काही ठिकाणी त्यावर शिडीच बांधलेली! चालकाला असा धोकादायक माल नेण्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंदही बंधनकारक आहे. पण तपासणी वजन आणि कागदपत्रांपाशीच थांबते, असे दिसते. खालापूर टोलनाक्यावर फलक आणि परवान्यावरची ती नोंद पाहायला पाच मिनिटे पुरतील. फलक वाचता येत नसेल, तर टँकर घाटात सोडूच नये. आणि दंड एकट्या चालकाला का? माल भरून देणाऱ्या कंपनीलाही तो व्हावा.

— एक वाचक, खोपोली