लाइफ जॅकेट अंगात हवे, पायाशी नव्हे

महोदय,

कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान अरुंद होडीत, लाइफ जॅकेट पायाशी ठेवून निघणारे पुष्कळ दिसतात. कयाक उलटली की ते वाहून जाते. हाती लागले तरी पाण्यात घालणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते. थंड पाण्यात तर पहिल्याच मिनिटात धाप लागून नाकातोंडात पाणी जाते.

पट्टे कमरेकडून वर आवळत यावेत, मग दुसऱ्याने खांद्यांशी धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर ढिले किंवा मोठे आहे. ५० न्यूटनचे (न्यूटन हे जोर मोजण्याचे एकक) जॅकेट पाण्यात सुमारे ५ किलो वजनाइतका वर उचलणारा जोर देते. ते पोहता येणाऱ्यांसाठी असते, बेशुद्ध माणसाला उताणे करीलच असे नाही. आणि कृपा करून त्याची उशी करून बसू नका! फोम दबून तरंगण्याची ताकद घटते. लहानग्यांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटते.

– एक वाचक