आईचे नाव आले, पण शाळेच्या डेटाबेसात ते नीट बसवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे, हा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. मला तो मनापासून पटला. ही मुले २०३० च्या जूनमध्ये पहिलीत येतील, बालवाडीत त्याच्याही आधी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या शाळांचे डेटाबेस बरीच वर्षे सांभाळते. हा बदल संगणकात कसा उतरवायचा याबद्दल शाळांमध्ये अजून कोणी विचारताना दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आईचे नाव जनरल रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात आधीपासून आहे, मग नवीन काय, असे मला एका मुख्याध्यापकांनी विचारले. नवीन आहे तो क्रम. अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याचे पूर्ण नाव एकाच रकान्यात साठवलेले असते. दाखला छापताना प्रोग्रॅम ते मोकळ्या जागांवर तोडतो: पहिला शब्द मुलाचे नाव, दुसरा वडिलांचे, उरलेले आडनाव. आता चार शब्दांचे नाव आले की आईचे नाव वडिलांच्या जागी जाईल आणि वडिलांचे नाव आडनावाला चिकटेल. प्रोग्रॅम कुठेही अडणार नाही, चूक दाखवणार नाही. दाखला छापला जाईल, शिक्का बसेल, पालक तो घरी नेतील. आणि पुढे जात पडताळणीला तोच कागद पुढे आला की त्या मुलाने कुठे कुठे खेटे घालायचे?

म्हणून नावाचे चार स्वतंत्र रकाने हवेत. ते एका फटक्यात करू नयेत. आधी नवे रकाने रिकामे वाढवावेत आणि जुना तसाच राहू द्यावा. मग प्रोग्रॅम असा बदलावा की नवा प्रवेश दोन्हीकडे लिहिला जाईल. त्यानंतर जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून नव्या रकान्यांत आणाव्यात, आणि हे काम सगळे यंत्रावर सोडता येत नाही, कारण आपल्याकडे दोन शब्दांची नावे आहेत, राव-बाई सुटे लिहिलेली आहेत, काही ठिकाणी आडनावच नाही. शंकास्पद नावांची यादी काढून ती लिपिकांकडून मूळ रजिस्टरशी ताडून घ्यावी. सगळे जुळले की दाखले नव्या रकान्यांतून छापावेत. जुना रकाना निदान एक शैक्षणिक वर्ष तरी काढू नये. काढलेला रकाना परत आणायची आज्ञा लिहिता येते, त्यातली माहिती मात्र त्या आज्ञेने परत येत नाही.

आईचे नाव सरसकट सक्तीचे करण्याची घाईही नको. १ मे २०२४ च्या आधी जन्मलेल्या मुलांना हा नियम लागू नाही आणि अनाथ मुलांना सूट आहे. म्हणजे अट जन्मतारखेला बांधलेली हवी आणि अपवादाची नोंद करायला जागा हवी. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना अशी अट 'नॉट व्हॅलिड' म्हणून घालता येते: नव्या नोंदींना ती लगेच लागू होते आणि जुन्या नोंदींची तपासणी नंतर सवडीने करता येते. रकान्याची लांबीही बघा. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत तीन बाइट (साठवणीचे एकक) घेते, काना-मात्रासुद्धा. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वेगळे सांगितले नाही तर पन्नासची लांबी म्हणजे पन्नास बाइट, म्हणजे जेमतेम सोळा चिन्हे. 'ज्ञानेश्वरी' या एका नावातच अकरा जातात.

हे काम जूनमध्ये प्रवेश चालू असताना करू नये, हे मी कळकळीने सांगते. टेबलाची, म्हणजे नोंदींच्या तक्त्याची, रचना बदलणारी आज्ञा क्षणभर का होईना, त्या टेबलावर पूर्ण ताबा मागते. कुणी पटसंख्येचा मोठा अहवाल काढत बसले असेल तर ही आज्ञा त्याच्यामागे थांबते, आणि तिच्यामागे आलेले सगळे, अगदी नुसते नाव शोधणारेसुद्धा, खोळंबतात. बाहेर पालकांना 'सर्व्हर डाउन' एवढेच कळते. थांबायची मुदत आधी ठरवून दिली की ती आज्ञा वेळेत माघार घेते. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तर असे बदल मागे घेता येत नाहीत. पाच आज्ञांपैकी तिसरी फसली तर पहिल्या दोन झालेल्याच राहतात.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आमच्याच संस्थेतल्या तीन शाळांना एकाच पुरवठादाराचे एकच सॉफ्टवेअर दिलेले आहे, आणि तिन्ही ठिकाणी टेबलांची रचना वेगळी निघाली. ज्या शाळेतून फोन आला तिथे जाऊन पुरवठादाराच्या माणसाने चालू डेटाबेसात थेट रकाना वाढवला आणि तो निघून गेला. का वाढवला, कधी वाढवला, कुठेही लिहिलेले नाही. पुढची अद्ययावत आवृत्ती एका शाळेत चालली, दुसरीत बंद पडली. यावर उपाय केव्हाचा आहे. रचनेतला प्रत्येक बदल क्रमांक दिलेल्या छोट्या फाइलमध्ये लिहायचा, ती फाइल प्रोग्रॅमच्या कोडसोबत गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन) ठेवायची, आणि कोणत्या डेटाबेसावर कोणत्या क्रमांकापर्यंतचे बदल झाले याची नोंद त्या डेटाबेसातच एका टेबलात राहते. जँगो या प्रोग्रॅम बांधायच्या चौकटीत ही सोय २०१४ पासून अंगचीच आहे, इतरांसाठी फ्लायवे, लिक्विबेस ही साधने आहेत. एकदा चाललेली फाइल कुणी मागाहून बदलली तर फ्लायवे ते ओळखते आणि पुढे जायला नकार देते. एवढी शिस्त हवीच.

'आमच्याकडे बॅकअप आहे' हे उत्तर मला नेहमी मिळते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसाचा फोल्डर पुसला गेला, तेव्हा कळले की त्यांचा रोजचा बॅकअप आवृत्तीच्या गोंधळामुळे तयारच होत नव्हता. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. त्यांनी ते सगळे जाहीरपणे लिहिले, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. शाळांनीही बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून बघावा, आणि नावाचा बदल आधी त्या प्रतीवर करून पाहावा. मग निवडक दाखले छापून रजिस्टरशेजारी ठेवून वाचावेत.

जिल्ह्यांच्या नावांचेही असेच आहे. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावे आली म्हणून जुन्या नोंदींवर सरसकट नवे नाव फिरवू नये. जुन्या दाखल्याची दुसरी प्रत मूळ प्रतीबरहुकूमच निघायला हवी.

संस्थाचालकांनी आणि मुख्याध्यापकांनी पुढच्या देखभाल करारात एक कलम घालावे: रचनेतल्या प्रत्येक बदलाची क्रमांकित फाइल शाळेच्या ताब्यात द्यावी लागेल, आणि प्रतीवरची चाचणी लिपिकाने सही करून मान्य केल्याशिवाय चालू डेटाबेसाला हात लावता येणार नाही. हे कलम या दिवाळीच्या सुट्टीआधी झाले, तर काम करायला शांत वेळ मिळेल.

– शाळांचे डेटाबेस सांभाळणारी एक वाचक, कराड