लाईट गेली की फोन जातो, हे आधी सांगणार कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला फायबर फोनवरचा, म्हणजे काचेच्या तारेतनं येणाऱ्या नव्या लँडलाईनवरचा, लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहितोय. स्पीड आहे, पॅकेज आहेत, घरात म्हातारी माणसं असतील तर लँडलाईन ठेवाच असंही लिहिलंय, ते बरोबरच आहे. पण लाईट गेल्यावर त्या फोनचं काय होतं यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. कोल्हापुरात राहून हा प्रश्न कसा काय पडत नाही? वळवाचा एक पाऊस झाला की फांदी तारेवर पडते नाहीतर डीपीत बिघाड होतो आणि मग लाईट दोन तासांनी येणार का सकाळी, ते कुणी सांगत नाही.

माझी आत्या शुक्रवार पेठेत एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढं, पोरं पुण्यात. मोबाईल दिलाय पण त्यावरचं तिला नीट ऐकू येत नाही, सगळी भिस्त हॉलमधल्या फोनवर, तो नंबर अख्ख्या भावकीला पाठ आहे. मागच्या वर्षी कंपनीचा माणूस आला, म्हणाला जुनी तांब्याची लाईन बंद होणार, फायबर घ्या, नंबर तोच राहील. घेतलं. त्यानं शोकेसजवळ जो प्लग रिकामा दिसला त्यात मोडेमचा अडॅप्टर खुपसला, एक फोन लावून दाखवला, सही घेतली आणि गेला.

यंदा वळवात रात्री लाईट गेली. घरात इन्व्हर्टर असल्यामुळं ट्यूब चालू, पंखा चालू, त्यामुळं तिला काही वेगळं वाटलंच नाही. थोड्या वेळानं छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला, म्हणून तिनं रिसीव्हर उचलला तर टोनच नाही. समोर भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत १०८ आणि ११२ लिहून चिकटवलंय, मुलांचे नंबर लिहिलेत, सगळं दिसतंय आणि लावायला फोन नाही. तिला वाटलं बिल भरायचं राहिलं म्हणून लाईन कापली, त्या अवस्थेत ती बिलाची पावती शोधत बसली होती! शेवटी कठडा धरून जिना उतरली, शेजारच्या पोराला हाक मारली, त्यानं गाडीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. बीपी भयंकर वाढलेलं, ॲडमिट करून घेतलं. आता बरी आहे. पण त्याच वेळी मी राजारामपुरीतनं तिला फोन लावत होतो आणि तो लागत नव्हता, तेव्हा माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही.

नंतर कळलं, तो शोकेसजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर नाहीच. जुन्या घरांत इन्व्हर्टरवर दोन-तीन ट्यूब, पंखे आणि फार तर एखादा प्लग घेतलेला असतो, हे कुठलाही वायरमन सांगेल. कनेक्शन द्यायला आलेल्या माणसाला हे माहीत नसतं का? "काकू, यातला कुठला प्लग इन्व्हर्टरवर आहे?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? मी कंपनीत तक्रार केली तर तिकडची मुलगी म्हणते, सर, तुमच्याकडं पॉवर नसेल तर मोडेम बंदच राहणार, आमच्या साईडनं लाईन ओके आहे. म्हणजे त्यांच्या लेखी तक्रारच नाही.

जुन्या फोनला घरातली लाईट लागतच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधनं त्याच दोन तारांतून ४८ व्होल्ट यायचे, तिथं मोठमोठ्या बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर असायचा, आणि त्याची काळजी एक्स्चेंजवाले घ्यायचे. आता फायबर म्हणजे काच, काचेतनं करंट येत नाही, म्हणून घरातल्या डब्याला स्वतःची पॉवर लागते. म्हणजे बॅटरी सांभाळायचं काम एक्स्चेंजकडनं काढून ऐंशी वर्षांच्या बाईच्या गळ्यात घातलं आणि तिला कळवलंसुद्धा नाही. माझा राग या न सांगण्याचा आहे. तंत्र बदलू दे की, कोण नको म्हणतंय.

आणि उपाय तरी केवढासा? मोडेम बहुतेक १२ व्होल्टवर चालतो, खातो दहा-बारा वॅट, साध्या पंख्याच्या पाव हिश्श्याइतकंही नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीला ते कळणारसुद्धा नाही. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरचा मिनी यूपीएस मिळतो, आत लिथियमचे सेल असतात, तीन-चार तास निघतात, फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून घ्यायचा आणि दोन-तीन वर्षांनी सेल उतरतात हे ध्यानात ठेवायचं. आणि कॉर्डलेस फोन असेल तर त्याच्या बेसलासुद्धा लाईट लागते, नुसत्या मोडेमला बॅकअप देऊन भागत नाही, म्हणून एक साधा वायरचा फोन घरात ठेवाच. आत्याकडं मी आता हे सगळं करून घेतलंय. पण ज्यांना भाचा-पुतण्या जवळ नाही त्यांनी काय करायचं?

कुणी म्हणेल मोबाईल आहे की. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ आहे, २०२१ ला परत तेच. पाणी चढलं की मुद्दाम वीज बंद ठेवावी लागते आणि टॉवरच्या बॅटऱ्या पण काही अमर नाहीत. एक्स्चेंजच पाण्यात गेलं तर कुठलाच फोन चालणार नाही हे मान्य, पण नेहमीच्या चार-पाच तासांचं काय?

अमेरिकेत २०१५ सालीच नियम झाला की असा फोन देणाऱ्या कंपनीनं गिऱ्हाइकाला लाईट गेल्यावर काय होतं ते सांगायचं आणि ८ तासांचा बॅकअप विकत द्यायची सोय ठेवायची, पुढं २४ तासांचा पर्याय पण द्यायला लावला (हा नियम २०२५ पर्यंत होता). इंग्लंडमध्ये लँडलाईनवरच अवलंबून असलेल्यांना किमान तासाभराची सोय फुकट द्यावी लागते. आपल्याकडं निदान फॉर्मवर मराठीत ठळक दोन ओळी छापा, मोडेमवर स्टिकर लावा आणि ज्येष्ठ एकटे असतील तिथं बॅटरीसकटच कनेक्शन द्या, बिलात लावा हप्त्यानं, लोक देतील.

जाता जाता तुमच्याबद्दल पण एक. वीज बंद राहणार असल्याची सूचना तुमच्या पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात येते आणि बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी. पेपर हातात पडेपर्यंत लाईट गेलेली असते. ती आदल्या दिवशी, पहिल्या पानावर, जरा मोठ्या टायपात द्या, म्हणजे माणूस निदान बॅटरी चार्ज करून ठेवेल.

आपला,
एक जुना वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर