नवं खातं काढलं म्हणून जुनी भिंत पडते का?

वॉशिंग्टन

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

दहशतवादाविरुद्ध आपल्याकडे एकच मध्यवर्ती संस्था हवी होती आणि 2012 मध्ये काही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी एनसीटीसी (राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र) अडवली ती निव्वळ राजकारणापोटी, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मला ते पटत नाही. इथे राहून तर आणखीच पटेनासं झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या सरकारने हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्याची चौकशी झाली तेव्हा कळलं, की माहिती नव्हतीच असं नाही. अपहरणकर्त्यांपैकी हाझमी आणि मिहधार जानेवारी 2000 मध्ये क्वालालंपूरला एका बैठकीला गेले होते आणि त्या बैठकीवर सीआयए या अमेरिकेच्या परदेशी गुप्तचर संस्थेची नजर होती. मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हेही तिथे ठाऊक होतं. तरी दोघांची नावं संशयितांच्या यादीत चढली ती ऑगस्ट 2001 च्या अखेरीस. तोवर ते सॅन दिएगोत खऱ्या नावाने राहून गेले होते. अण्णा, हे वाचताना अजूनही जीव तुटतो.

यावर उपाय काय काढला, तर 22 खाती आणि कार्यालयं एकत्र करून होमलँड सिक्युरिटी हे देशांतर्गत सुरक्षेचं नवं खातं. 1947 नंतरची सरकारी कारभाराची ही सर्वांत मोठी फेरमांडणी. सीमाशुल्क, तटरक्षक दल, सीक्रेट सर्व्हिस, सगळे एका छपराखाली आले. पण ज्यांच्यामध्ये माहिती अडली होती त्या सीआयए आणि देशातला तपास करणारी एफबीआय या दोन्ही संस्था त्या छपराबाहेरच राहिल्या!

शिवाय जे चालत होतं त्याचीही घडी विस्कटली. आपत्ती निवारणाचं काम बघणारी फेमा आधी स्वतंत्र होती, ती 2003 मध्ये या खात्यात गेली. खात्याचं लक्ष सगळं दहशतवादाकडे. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा हुकूम कोणी द्यायचा यावरच घोळ झाला. बांध फुटले त्याचा दोष फेमाचा नव्हे. पण छपरांवर आणि स्टेडियममध्ये अडकलेल्यांना मदत उशिरा पोचली, त्याचा होता. पुढच्या वर्षी कायदा करून तिचे काही अधिकार तिला परत द्यावे लागले. आणि एकट्या या खात्यावर देखरेख ठेवायला 2004 मध्ये इथल्या संसदेच्या समित्या आणि उपसमित्या मिळून 88 होत्या! अधिकाऱ्यांनी काम करायचं की उत्तरं देत फिरायचं?

2004 च्या कायद्याने गुप्तवार्ता संचालकाचं पद आलं, दहशतवादविरोधी केंद्रही कायद्याने पक्कं झालं. तरी 2009 च्या नाताळात डेट्रॉइटच्या विमानात एक तरुण स्फोटकं घेऊन चढला. त्याच्या वडिलांनी स्वतः नायजेरियातल्या अमेरिकन दूतावासात जाऊन त्याच्याबद्दल इशारा दिला होता. बापाच्या जिवाला काय वाटलं असेल! माहिती त्या दहशतवादविरोधी केंद्रापर्यंत आली होती, ती जुळवली कोणी नाही. स्फोट फसला म्हणून लोक वाचले.

उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. न्यूयॉर्कमध्ये 1980 पासून शहर पोलिसांचे तपास अधिकारी आणि एफबीआयचे लोक एकाच पथकात बसून एकच प्रकरण हाताळतात. पुढे तशी पथकं देशभर झाली. गुप्तवार्ता आणि गुन्हे तपास यांच्यातली कायद्याची आडकाठी 2001 मध्ये कायदा बदलूनच निघाली, त्याला नवी संस्था लागली नाही.

आपल्याकडे 26/11 ला एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा दलाचे) जवान हरियाणातल्या मानेसरहून पोचेपर्यंत सकाळ झाली. 2009 मध्ये त्यांचं केंद्र मुंबईत आलं, याचा फायदा उघड आहे, कारण नेमकी अडचण अंतराची होती. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थाही मला हवीच वाटते. राज्याराज्यांत पसरलेल्या कटाचा तपास एका हाती लागतो.

एनसीटीसीचं तसं नव्हतं. ती गुप्तचर विभागाच्या हाताखाली राहणार आणि तिला थेट झडती-अटकेचे अधिकार मिळणार, ही राज्यांची हरकत होती. मग राज्याच्या पोलिसांना कारवाई नंतर कळली असती. माहिती एकत्र करायला मल्टी एजन्सी सेंटर कारगिलनंतरच सुरू झालं होतं. खरं म्हणजे गावात नवा भाडेकरू आला, बंदरात अनोळखी होडी लागली, हे आधी कळतं ते ठाण्यातल्या हवालदाराला. त्याने वर कळवलेलं कोणी वाचतं का आणि त्याला उलट उत्तर येतं का, हे एनसीटीसी काढण्याच्या आदेशाने कुठे सुधारणार होतं? राजकारण होतंच, पण हरकत खोटी नव्हती. तुमचं मत मात्र जरूर लिहा.

आईला नमस्कार.

तुमची,
मीरा