द्वितीयेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जर्मन शिकणाऱ्यांसाठी जी लेखमाला चालू आहे ती मी पहिल्या भागापासून वाचतेय आणि माझ्या क्लासच्या मुलांनाही वाचायला लावते, कारण मराठीतून जर्मन समजावून सांगणारं फार काही मिळतच नाही. पण गेल्या रविवारच्या भागात अक्युझेटिव्हला, म्हणजे जर्मनमधल्या कर्माच्या विभक्तीला, 'दोषारोपी विभक्ती' असं नाव छापलंय, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या संध्याकाळच्या बॅचला एक मुलगी येते, नर्सिंग झालंय, जर्मनची ए-टू म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा द्यायचीये. तिने ते कात्रण वहीत चिकटवून आणलं होतं आणि खाली पेन्सिलने वाक्य लिहिलं होतं, 'इश झेए डेन मान', म्हणजे मी त्या माणसाला बघते. मला म्हणाली, "मॅडम, यात माणसावर आरोप कुठला केलाय? मी तर त्याला नुसतं बघितलंय." अर्धा तास त्यातच गेला. आणि तिचं चुकलं कुठे? तिने शब्दाचा अर्थ घेतला आणि वाक्यात शोधला, शिकणाऱ्याने तेच करायचं असतं.

दोष तुमच्या लेखकाचा म्हणावा तर तसंही नाही, डिक्शनरीत अक्यूझ म्हणजे आरोप करणे असंच मिळतं. पण या नावामागचा घोळ दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीक व्याकरणकारांनी या विभक्तीला 'ऐतिआतिके' म्हटलं. त्यातल्या 'ऐतिआ' शब्दाला दोन अर्थ, कारण आणि आरोप. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये व्हारो नावाचा मोठा पंडित होऊन गेला, त्याने लॅटिनमध्ये आणताना आरोपाचा अर्थ उचलला. त्यालाही एकदम नावं ठेवू नयेत, कारण ग्रीकमध्ये देण्याची विभक्ती होती, हाक मारण्याची होती, मग ही आरोप करण्याची असणार असं त्याला वाटलं असेल तर ते समजू शकतं, आणि तसं मानणारे अभ्यासक आजही आहेत. पण पुढे इसवी सन ५००च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलला शिकवणाऱ्या प्रिस्किअन या लॅटिन व्याकरणकाराने 'अक्युझातिव्हुस किंवा काउझातिव्हुस' अशी दोन्ही नावं देऊन ठेवली, म्हणजे कारणाचा अर्थ तोवर कुणीतरी लक्षात ठेवला होता. १८३६ साली ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन तत्त्वज्ञाने मांडलं की मूळ अर्थ 'ज्याच्यावर क्रियेचा परिणाम घडतो ते' असा होता. (आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरणही १८३६चंच, मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं.)

आता बाकीच्या युरोपने काय केलं ते बघा, खरी गंमत तिथे आहे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश यांनी लॅटिन शब्द तसाच उचलला, त्यामुळे तिथे त्याचा अर्थ काय याचा कुणाला त्रास होत नाही. स्लोव्हेनियन लोकांनी अर्थासकट घेतला, त्यांचा 'तोझिल्निक' हा खटला भरणे या क्रियापदावरून आलाय. रशियनमध्ये 'व्हिनीतेल्नी', आज ऐकलं की 'व्हिना' म्हणजे गुन्हाच आठवतो, पण जुन्या स्लाव्होनिकमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या धर्मग्रंथांच्या भाषेत, व्हिना म्हणजे कारणसुद्धा होतं, अगदी ग्रीकसारखं. म्हणजे तिथे भाषांतर बरोबर झालं आणि शब्दच नंतर बदलला! शेजारच्या युक्रेनियनने वेगळीच वाट धरली, त्यांचा शब्द 'सापडणे' यावरून आहे. पोलिश 'बेर्निक' म्हणजे जो स्वतः काही करत नाही, ज्याच्यावर क्रिया होते तो. आइसलँडिकमध्ये 'थोलफात्ल', त्यातलं 'थोला' म्हणजे सोसणे. हंगेरियन लोक सरळ 'तार्ज्य-एशेत' म्हणतात, कर्माची विभक्ती, विषय संपला.

आणि जर्मन मुलांना तर प्राथमिक शाळेत 'वेनफाल' शिकवतात. वेन म्हणजे कोणाला. वाक्य द्यायचं आणि विचारायचं, 'वेन ओडर वास?', कोणाला किंवा काय? अहो, आम्हाला चौथी-पाचवीत बाईंनी कर्म असंच शोधायला शिकवलं होतं, क्रियापदाला 'काय?' नाहीतर 'कोणाला?' विचारा! इतकं जवळचं असताना आपण लॅटिनच्या वाटेने वळसा घालून आरोपावर कशाला जायचं?

आपल्याकडे द्वितीया आहे. पाणिनीने विभक्तीला नुसता क्रमांक दिला आणि वाक्यातल्या कामाला वेगळं नाव दिलं, कर्म. त्याची व्याख्याही काय सुंदर आहे, कर्त्याला क्रियेतून जे सगळ्यात जास्त मिळवायचं असतं ते कर्म. तिकडे ज्याला आरोपी म्हटलं त्याला इकडे सगळ्यात हवंहवंसं म्हटलं. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने वहीतलं 'दोषारोपी' खोडून वर 'द्वितीया' लिहिलं, आणि बाजूला बाण काढून 'कर्म'.

पण नुसत्या आकड्यावरही जाऊ नका हं, कारण जर्मन शाळांमध्ये अक्युझेटिव्हला चौथी विभक्ती म्हणतात आणि आपली चतुर्थी म्हणजे त्यांची डेटिव्ह, तिला ते तिसरी म्हणतात. पुस्तकातलं 'फिअर्टर फाल', म्हणजे चौथी विभक्ती, बघून मुलं 'चतुर्थी' लिहितात आणि सगळं उलटं होतं. त्यात आपला 'ला' दोन्हीकडे, माणसाला पाहिलं आणि माणसाला पुस्तक दिलं, मराठीत फरक दिसतच नाही, जर्मनमध्ये मात्र एकदा 'डेन मान' आणि एकदा 'डेम मान'. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. म्हणून नाव नीट हवं असं मी म्हणते, पांडित्य दाखवायला नाही.

कॉलेजात असताना मी दोन वर्षं रशियन शिकले होते, तेव्हाची एक गोष्ट अजून लक्षात आहे. 'वीझू स्तोल', टेबल बघतो, इथे टेबल जसंच्या तसं, पण 'वीझू ब्राता', भावाला बघतो, इथे 'ब्रात'चं रूप बदलतं. आम्ही सगळे मराठी मुलं एका फटक्यात शिकलो, कारण आपणही टेबल बघतो आणि भावाला बघतो! असे दुवे तुमच्या लेखमालेत आले तर किती मजा येईल, तुमच्या लेखकाचा हात चांगला आहे, त्यांना हे सहज जमेल.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापा, 'दोषारोपी'च्या जागी 'द्वितीया, म्हणजे कर्माची विभक्ती'. पुढचा भाग डेटिव्हवर आहे असं शेवटी लिहिलंय, तिथे 'चतुर्थी' लिहा आणि जर्मन पुस्तकात तिला तिसरी म्हणतात हे पहिल्याच ओळीत सांगा. आमच्या बॅचची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, तोपर्यंत छापून आलं तर मी ते कात्रण सगळ्यांच्या वहीत चिकटवून घेईन.

आपली नियमित वाचक,
एक जर्मन शिक्षिका, पुणे