तुझी यादी वाचली, आता तिचा क्रम जरा उलटा करू

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेम खेळण्यासाठी जुळवायच्या कॉम्प्युटरच्या भागांची तुझी यादी मिळाली. आधी घाईघाईत वाचली, मग कागद-पेन घेऊन बसलो. तयार कॉम्प्युटर न आणता सुटे भाग घेऊन स्वतः जुळवायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. पण या यादीप्रमाणे खरेदी केलीस तर पैसे नको तिथे जातील आणि गेम मात्र अडखळत चालतील. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तू सुरुवात प्रोसेसरपासून केली आहेस आणि मॉनिटरपुढे नुसतं 'नंतर बघू' लिहिलंयस. माझ्या मते इथेच गाडी चुकतेय. ग्राफिक कार्डाला किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. १४४०पीवर हाच आकडा ३६ लाख ८६ हजारांवर जातो. म्हणजे प्रत्येक फ्रेमला, पडद्यावरच्या एकेका चित्राला, जवळजवळ पावणेदोनपट काम. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने सेकंदाला दीडशे फ्रेम काढल्या तरी पडदा साठच वेळा बदलणार. हात आखडता घेऊन खर्च करायचाय ना, मग १०८०पीवर ठाम राहा. नेमबाजीचे गेम जास्त खेळणार असशील तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर घे. गोष्ट सांगणारे, निवांत गेम असतील तर आहे तोच ६० हर्ट्झचा चालव आणि वाचलेले पैसे कार्डात घाल.

कार्डावर एकूण खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा जाऊ दे, त्यात मागेपुढे पाहू नकोस. १०८०पीसाठी एएमडीचं रॅडिऑन आरएक्स ६६०० मला अजूनही समजूतदार निवड वाटते: ८ जीबी मेमरी आणि वीज जेमतेम १३२ वॅट. तू लिहिलेलं आरएक्स ६५०० एक्सटी मात्र खोडून टाक. त्याची मेमरी ४ जीबीच आहे आणि मदरबोर्डाशी, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डाशी, ते फक्त चार पीसीआय लेनवर (डेटाच्या मार्गांवर) बोलतं. नव्या गेममधली चित्रं ४ जीबीत मावत नाहीत. मग उरलेला डेटा त्या चार लेनमधून मुख्य रॅमकडून सारखा आणावा लागतो आणि ऐन गर्दीच्या प्रसंगात चित्र गचके खातं. बोर्ड पीसीआय ३.० या जुन्या, संथ पिढीचा असेल तर आणखीच हाल.

आता प्रोसेसर. यादीतला आठ कोअरचा (काम करणाऱ्या आठ भागांचा) महागडा प्रोसेसर कशाला? या कार्डाबरोबर एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ भरपूर झाला. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळणारे. अगदीच ओढाताण होत असेल तर चार कोअरचा आय३-१२१००एफसुद्धा बरेचसे गेम नीट ओढतो. इंटेलच्या नावातल्या 'एफ'चा अर्थ एवढाच की आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. रायझनच्या ५६००जी ची गोष्ट वेगळी, त्याच्या आत ग्राफिक्स आहे. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असशील तरच तो घे, कारण आतल्या ग्राफिक्सच्या बदल्यात त्याची कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) ५६०० सारखी ३२ नव्हे, १६ एमबीच ठेवली आहे आणि गेममध्ये तो फरक दिसतो.

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम कोण अडवतंय, हे तुला आजच कळू शकतं. गेमचं रिझोल्युशन (पिक्सेलची संख्या) एकदम खाली आण. सेकंदाच्या फ्रेम झपाट्याने वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. करून बघ आणि मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

रायझन घेतलास तर बोर्डाच्या बाबतीत एकच सांगतो. बी४५० चा बोर्ड जुन्या साठ्यातला असला तर त्याच्या जुन्या बायॉसला (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमला) ५६०० ओळखताच येत नाही. शक्यतो बी५५० घे, पण तिथेही बायॉस ५६०० चालवणारी आहे ना, हे घेतानाच विचार. रॅम १६ जीबी बरोबर आहे, पण तू एकच स्टिक लिहिली आहेस; त्याऐवजी ८-८ च्या दोन घे, म्हणजे मेमरीचे दोन्ही चॅनेल, म्हणजे मार्ग, वापरात येतात. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लाव. एसएसडी (गेम साठवायची डिस्क) साधी एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच बसणारी, चालेल, तिच्या वेगाच्या आकड्यांमागे लागू नकोस.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मात्र मी हट्ट धरणार आहे. यादीतला तो बिननावाचा '५०० वॅट'वाला घेऊ नकोस. कुठलाही एसएमपीएस हातात घेतलास की बाजूला चिकटवलेला तक्ता वाच. वरच्या ठळक आकड्याकडे दुर्लक्ष कर आणि १२ व्होल्टचा रकाना शोध. तिथे अँपिअर लिहिलेले असतात. त्या आकड्याला १२ ने गुण. ४२ अँपिअर असतील तर ५०४ वॅट, म्हणजे माल खरा. २५ च असतील तर झाले फक्त ३०० वॅट, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच ओढतात, आणि कार्ड तर क्षणभर आपल्या नेमून दिलेल्या वॅटच्या बरंच वर उडी मारतं. हलका एसएमपीएस त्या क्षणी कॉम्प्युटर बंद पाडतो, आणि वाईटातला वाईट असेल तर जाताना बोर्ड, कार्ड सगळं घेऊन जातो. '८० प्लस ब्राँझ' या वीजबचतीच्या शिक्क्यावर विसंबूनही राहू नकोस. अर्ध्या भारावर प्लगमधून घेतलेल्या १०० वॅटपैकी किमान ८५ आत पोचतात, एवढंच ते सांगतं. आतली संरक्षणं कशी आहेत ते नाही. तुझ्या जुळणीची भूक ३०० वॅटच्या आत राहील, तेव्हा नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा पुरेसा आहे. पैसे कमी पडले तर कॅबिनेटमधले रंगीत दिवे काढ, इथे काटकसर नको. कॅबिनेटचं तोंड काचेचं नको, जाळीचं हवं, म्हणजे हवा आत येईल.

सगळं जुळल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नव्हे. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रेंगाळत राहील. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलास तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड. बरेचदा तो मुकाट्याने ६० वरच चालत असतो.

वापरलेलं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ते चालू करून अर्धा तास जड गेमवर पळताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पडद्यावर ठिपके येतायत का, पंखे घरघरतायत का, तापमान कुठे जाऊन थांबतंय, तिन्ही बघ. नवं की वापरलेलं हे ठरलं की सुधारलेली यादी पाठव, लगेच वाचतो. घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र